चकमकीची बंदूक : एक परदेशी छंद आणि शिंद्यांचे कंपू

‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आपण निवडणुकीतील घोषणांपासून दिवाळीतील फटाक्यांपर्यंत कोठेही करतो. ज्या काळी तो अक्षरशः खरा ठरत असे, त्या काळच्या शिपायाची त्या क्षणी काय अवस्था होत असेल, हे मात्र आपल्या मनात येत नाही. चाप ओढला, घोडा पडला, ठिणगी उडाली, कानापाशी रंजक भुरकन जळून धूर झाला आणि नळीतील बार जसाच्या तसा राहिला. समोरून येणारा घोडेस्वार तोवर पन्नास हातांवर येऊन ठेपलेला असे.

माळवा आणि ग्वाल्हेर प्रांतांत स्थायिक झालेल्या आपणा मराठी कुटुंबांचे पूर्वज बहुतेक करून फौजेच्या मागोमाग इकडे आले. कोणी शिलेदार म्हणून, कोणी फडावर, कोणी कोठीवर. पाटण, मेडता, लाखेरी, लासवारी ही नावे आपल्या घरांत आजही घेतली जातात. एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यात ढालीशेजारी एखादी जुनी बंदूकही टांगलेली असते. पण ती बंदूक कशी भरत, कशी चालत आणि कशी फसत, हे विचारले तर घरातील जाणती माणसेही गप्प होतात. कागदपत्रांच्या अभ्यासकांचीही स्थिती फारशी निराळी नाही. रुमालच्या रुमाल वाचून पलटणींची संख्या कळते, दारूगोळ्याचा खर्च कळतो. हाताला जे कळायचे ते कागदावर उतरलेले नसते.

इंग्लंडात व अमेरिकेत मात्र हे हाताचे ज्ञान जिवंत आहे, आणि ते पंडितांनी नव्हे तर हौशी लोकांनी जिवंत ठेवले आहे. तोंडाकडून भरावयाच्या जुन्या बंदुकांनी निशाणबाजी करणे हा तेथे एक रीतसर छंद आहे. अमेरिकेतील ‘नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन’ १९३३ साली स्थापन झाली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप ह्या लहानशा गावी तिचे मैदान आहे. ब्रिटनमधील अशीच संस्था १९५२ सालची. पेनसिल्व्हेनिया राज्याने तर १९७४ साली केवळ चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार करणाऱ्यांसाठी हिवाळ्यात वेगळा हंगाम सुरू केला. ह्या छंदात नव्याने उतरणाऱ्यास जे पहिले धडे देतात, त्यांच्या उजेडात आपल्याच इतिहासाची काही पाने पुन्हा वाचावीत, असा ह्या टिपणाचा हेतू आहे.

प्रथम तोडा आणि चकमक ह्यांतील भेद. तोड्याच्या बंदुकीत सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, सावकाश धुमसणारी सुती दोरी घोड्याच्या चिमट्यात धरलेली असे. चाप ओढला की तिचे पेटते टोक रंजकावर टेकत असे. ही बंदूक आपल्या देशात फार उत्तम बनत असे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतल्यानंतर तेथील कारागिरांच्या बंदुकांची वाखाणणी झाली. १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचलेली पहिली बंदूक गोव्याच्या घडणीची असावी, असे काही अभ्यासक मानतात. आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तोड्याच्या बंदुकीच्या एका प्रकाराला ह्या बेटाचेच नाव आहे. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीची नळी लांब आणि जाड असल्यामुळे तिचा पल्लाही मोठा होता. चकमकीच्या बंदुकीपुढे ती मागासलेली होती असे सरसकट म्हणणे मला पटत नाही.

तिचा दोष निराळा होता. प्रत्येक शिपायाच्या हातात जळता तोडा आणि कमरेला दारू असेल, तर दोघांच्या मध्ये हातभर अंतर ठेवावेच लागते. रात्री तोड्याची टोके लांबून दिसतात, त्यांचा वास येतो, आणि लढाई होवो न होवो दोरी जळतच राहते. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये चकमकीची कळ पूर्ण स्वरूपास आली. तिचे श्रेय नॉर्मंडीतील मारँ ल बूर्ज्वा ह्या कारागिरास देण्याची प्रथा आहे. ह्या कळेमुळे तोडा गेला आणि शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू लागले. चार हातांच्या जागेत जेथे दोन बंदुका होत्या तेथे चार झाल्या. कवायत, पलटण, एका हुकुमासरशी बार काढणे, हे सारे ह्या खांद्याला खांदा लावण्यातून आले. ‘पलटण’, ‘गारदी’, ‘कंपू’, ‘काडतूस’ हे आपल्या भाषेतील शब्द इंग्रज, फ्रेंच व पोर्तुगीज ह्यांच्याकडून ह्याच वाटेने आले. उत्तर हिंदुस्थानात ह्या बंदुकीस पथरकला म्हणत.

आता कळ. घोड्याच्या जबड्यात चकमकीचा धारदार तुकडा चामड्याच्या पट्टीत गुंडाळून घट्ट आवळलेला असतो. चामडे अशासाठी, की लोखंडी जबड्यात दगड थेट धरला तर तो निसटतो किंवा तडकतो. समोर कठीण केलेल्या पोलादाचे उभे पान असते व त्याचाच खालचा भाग रंजकाच्या वाटीवर झाकण म्हणून बसलेला असतो. घोडा पडला की दगड पोलादावरून खाली घासत जातो, पान मागे उलटते, झाकण उघडते आणि ठिणग्या वाटीत पडतात. ठिणगी दगडाची असते हा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक ती पोलादाची असते. दगडाची धार पोलादाचे अतिसूक्ष्म कण तासून काढते आणि ते कण हवेत पेटतात. म्हणून दगडाला धार हवी आणि पोलादाचे पाणी बरोबर हवे. पान मऊ असले की ठिणगी पडत नाही; मग कितीही उत्तम दगड आणा. आपल्याकडील साध्या गारगोटीवरही ठिणगी पडते, पण तिला फ्लिंटसारखी पातळ, सरळ धार काढता येत नाही. इंग्लंडात सफोकमधील ब्रँडन गावी हे दगड घडविण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला.

नवशिक्यास पहिला धडा देतात तो बंदूक रिकामी असल्याची खात्री करण्याचा. गज नळीत बुडापर्यंत सोडून त्यावर तोंडापाशी खूण करतात. पुढे दारू व गोळी भरल्यावर दुसरी खूण. ह्या दोन खुणा म्हणजे त्या बंदुकीची रोजकीर्द होय. गोळी दारूवर टेकली की नाही, हे त्याच सांगतात. गोळी मध्येच अडकून राहिली आणि तिच्या व दारूच्या मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगण्याची वा फुटण्याची भीती असते. दारू मापाने घेऊन मगच नळीत ओततात. दारूच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतीत नाहीत, कारण मागल्या बाराचा एखादा निखारा आत राहिलेला असला तर सारे शिंगच हातात पेटते. दारूही काळीच हवी. सोरा पंचाहत्तर, कोळसा पंधरा, गंधक दहा, हे तिचे शेकडा प्रमाण सर्वश्रुत आहे. आधुनिक बिनधुराची दारू अशा नळीत भरणे म्हणजे जिवावर बेतून घेणे आहे. काळ्या दारूऐवजी वापरण्यासाठी जी नवी मिश्रणे निघाली आहेत, तीही चकमकीच्या कामाची नाहीत. त्यांना पेटण्यास अधिक उष्णता लागते आणि ठिणगी तेवढी देत नाही.

गोळी तेल लावलेल्या कापडाच्या चकतीत धरून घट्ट ठासतात. त्यानंतर घोडा अर्ध्यावर ठेवून, तोंड निशाणाकडे करून, अगदी शेवटी वाटीत चिमूटभर बारीक रंजक घालतात. रंजक कानाच्या छिद्रात कोंबून भरायचे नाही, हे कळायला नवशिक्यास वेळ लागतो. छिद्र भरले तर ते वातीसारखे सावकाश जळत आत जाते. मोकळे ठेवले तर रंजकाची झळ एकदम आत शिरते. आणि चाप ओढल्यावर बार झाला नाही तर बंदूक खाली करायची नाही. तोंड निशाणाकडेच ठेवून मिनिटभर थांबायचे. आत काहीतरी धुमसत असू शकते.

ह्याहून अवघड धडा मनाचा आहे. चाप ओढणे आणि गोळी सुटणे ह्यांत जाणवेल एवढे अंतर असते, आणि त्या अंतरात डोळ्यांपासून वीतभर दूर भडका उडतो. माणूस दचकतो, डोळे मिटतो, खांदा मागे घेतो आणि गोळी भलतीकडे जाते. भडका पाहूनही न हलणे, ही ह्या छंदाची खरी परीक्षा समजतात.

येथे इतिहासाकडे वळतो. शिपायाची रीत छंदिष्टाच्या रीतीहून दोन बाबतींत उलट होती. शिपाई कागदी काडतूस दातांनी फोडून त्यातील चिमूटभर दारू आधी वाटीत घालीत असे, झाकण लावीत असे, आणि मग उरलेली दारू व गोळी नळीत घालून ठासत असे. म्हणजे कळ रंजक घालून सज्ज, आणि तोंडाशी त्याचाच हात. आजचा कोणताही क्लब हे करू देणार नाही. पण अशाने काही क्षण वाचत, आणि मिनिटाला दोन ते तीन बार काढणाऱ्या पलटणीस ते क्षण मोलाचे होते. दुसरी बाब गोळीची. इंग्रजी बंदुकीची नळी सुमारे पाऊण इंच व्यासाची, तर गोळी त्याहून चांगलीच लहान, ०.६९ इंचाच्या आसपास. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावरही घन राखेच्या रूपाने मागे राहतो. दहा-पंधरा बारांनंतर नळी आतून इतकी मळते की घट्ट गोळी खाली जाईना. म्हणून सैल गोळी. तिचा परिणाम असा की शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नव्हता. नेम माणसावर नव्हे, रांगेवर धरीत.

हे ध्यानात घेतले की महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये सव्हॉयच्या बन्वा द बॉयन्यास, ज्याला आपण डिबॉयन म्हणतो, चाकरीस घेऊन काय विकत घेतले ते स्पष्ट होते. त्यांना बंदुका मिळत होत्याच. इब्राहीमखान गारद्याच्या पलटणी १७६१ साली पानिपतावर लढून गेल्या होत्या. नवीन होते ते भडका उडूनही रांग न हलू देणारे शिक्षण, आणि त्या शिक्षणास लागणारा नियमित पगार. डिबॉयनच्या कंपूंच्या खर्चासाठी महादजींनी दुआबातील मुलूख लावून दिला आणि पगार वेळेवर होऊ लागले. माझ्या मते कंपूच्या यशाचे हे निम्मे कारण होय. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाचा हा पूर्वग्रह आहे असे कोणी म्हटल्यास माझी हरकत नाही.

आग्ऱ्याचा कारखाना सँगस्टर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाकडे होता. हा पूर्वी आपल्या शेजारच्या गोहदच्या राण्याकडे चाकरीस होता. त्याने तोफा ओतल्या आणि बंदुका घडविल्या. एक बंदूक दहा रुपयांस पडे व ती विलायती बंदुकीच्या तोडीची असे, असे समकालीनांच्या आधारे नोंदले गेले आहे. आता पोलादी पानाला पाणी देण्याचे काम किती नाजूक आहे, हे वर सांगितले. आग्ऱ्याचे लोहार हे हजारो कळांना देत होते. आपल्या इतिहासग्रंथांत ह्या लोहारांस एक ओळही मिळालेली नाही.

डिबॉयनच्या कंपूची रचनाही विचार करण्याजोगी आहे. दहा पलटणींपैकी सात तेलंग्यांच्या, चकमकीच्या बंदुका व संगिनी घेतलेल्या. तीन नजीबांच्या, तोड्याच्या बंदुका बाळगणाऱ्या. ह्यास काटकसर म्हणता येईल. मला मात्र ही जाणत्या माणसाची योजना वाटते. जवळून झड घालायला चकमक, लांबून वेचून टिपायला तोडा. २० जून १७९० रोजी पाटण येथे आणि त्याच सालच्या सप्टेंबरात मेडत्यास ह्या कंपूने राठोडांच्या घोडदळास तोंड दिले. मेडत्याला राठोड स्वार तोफांच्या रांगा ओलांडून आले तेव्हा कंपूने पोकळ चौक बांधून चारी बाजूंनी बार काढले. पन्नास हातांवर आलेल्या घोड्यापुढे, रंजकाच्या भडक्यात डोळे न मिटता, त्या चौकाची एकही बाजू फुटली नाही, हे वर्णन चकमकीची बंदूक कशी चालते ते कळल्यावर निराळेच वाटू लागते.

१ जून १७९३ ची लाखेरीची लढाई इंदूरच्या व ग्वाल्हेरच्या मंडळींनी आपसांत काढू नये असा संकेत आहे; तरी येथे तिचा उल्लेख हवा. होळकरांच्या बाजूने द्युद्रनेकच्या चार पलटणी होत्या. त्यांच्या तोफेच्या एका गोळ्याने डिबॉयनचे दारूचे बारा गाडे पेटले. तरी कंपू हटला नाही, आणि द्युद्रनेकच्या पलटणी जवळजवळ नामशेष होईपर्यंत जागेवर लढल्या. दोहीकडे एकच शस्त्र, एकच कवायत. कवायती फौजेची मराठ्यांना सवय नव्हती, हे विधान ह्या एका दिवसापुढे टिकत नाही.

मग १८०३ मध्ये काय झाले? गनिमी कावा सोडून पायदळाच्या नादी लागल्यामुळे शिंदे बुडाले, असे आपल्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. ह्या मताचा एक जुना पुरस्कर्ता खुद्द ऑर्थर वेलस्ली होता, हे सहसा कोणी सांगत नाही. असईस २३ सप्टेंबर १८०३ रोजी ज्याची सुमारे दीड हजार माणसे मेली वा जखमी झाली, त्या सेनापतीने शत्रूच्या पायदळास निरुपयोगी ठरवावे, ह्यात त्याचे समाधान असेल, पुरावा नाही. बंदुका त्याच होत्या, तोफा तर इंग्रजांनी स्वतःच्या वापरास घेण्याइतक्या चांगल्या होत्या. नव्हते ते अधिकारी. ऑगस्ट १८०३ मध्ये गव्हर्नर जनरलने शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांस निवृत्तिवेतनाचे आश्वासन देऊन फोडले; डिबॉयनचा वारस पेराँ हाही सप्टेंबरात लेककडे निघून गेला. रँडॉल्फ कूपर ह्या अभ्यासकाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्याच बाजूवर भर दिला आहे, आणि तो मला योग्य वाटतो. १ नोव्हेंबरला लासवारीस युरोपीय अधिकाऱ्यांवाचून उभ्या राहिलेल्या शिंद्यांच्या पलटणींनी लेकची आठशेंवर माणसे घायाळ वा ठार केली. बार कसा भरावा आणि रांग कशी धरावी हे ती माणसे विसरली नव्हती. त्यांना कोठे व केव्हा उभे करावे हे सांगणारी साखळी तुटली होती.

पावसाची गोष्टही सांगितली पाहिजे. जळलेल्या दारूची राख हवेतील ओल ओढून घेते. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, पुसून, तेल लावले नाही तर सकाळपर्यंत तांबेरा धरतो. वाटीतील रंजक तर दमट हवेत चिखल होते. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनची जी दाणादाण उडविली, तीत मॉन्सनच्या तोफा चिखलात रुतून सोडून द्याव्या लागल्या. त्या मोहिमेत त्याच्या शिपायांच्या बंदुकांची काय दशा झाली असेल, हे छंदिष्टांना विचारावे. भर पावसात बार काढण्याचा प्रयत्न त्यांनी केलेला असतो.

राहिली आपल्या भिंतीवरील बंदूक. कळेवर दगडाचा जबडा व उलटणारे पान असेल तर ती चकमकीची. नुसती तांब्याची टोपी बसविण्याची बोंडी असेल तर ती टोपीदार, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील दुसऱ्या चतुर्थकानंतरची, किंवा मागाहून बदलून घेतलेली. कळपाटीवर पुढचे पाय उचललेला सिंह असेल तर कंपनी सरकारची, १८०८ नंतरची. हृदयाच्या आकृतीत अक्षरे असतील तर त्याआधीची. मात्र असे सिंह पर्यटकांसाठी केलेल्या नकलांवरही आढळतात. चालू स्थितीतल्या नकलाही भारतात घडतात आणि कानाचे छिद्र न पाडता परदेशी हौशी लोकांकडे जातात. तेथील जाणती मंडळी नवशिक्यास सांगतात, की नळी कसोटीवर तपासून घेतल्यावाचून अशी बंदूक चालवू नये.

जुनी बंदूक चालविण्याचा तर विचारही नको. परंतु ती भरलेली आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. शंभर-दीडशे वर्षे नळीत बार तसाच राहिल्याची उदाहरणे जगभर सापडतात आणि कोरडी राहिलेली काळी दारू सहज पेटू शकते. तोंडासमोर न उभे राहता लाकडी काठी नळीत अलगद सोडावी, तोंडापाशी खूण करावी, आणि तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहावी. काठीचे टोक कानाच्या छिद्रापर्यंत न पोचता अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते स्वतः काढण्याच्या फंदात न पडता शस्त्रदुरुस्तीच्या परवानाधारकाकडे न्यावे. कायद्याचे म्हणाल तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमान्वये जुन्या घडणीचे वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले जे शस्त्र दुरुस्त करूनही चालविता येणार नाही, तेवढ्यालाच सूट आहे. चालू शकणारी बंदूक पणजोबांची असली तरी तिला परवाना लागतो.

त्याच अधिनियमाच्या तेराव्या कलमात तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे : पिकांच्या प्रामाणिक संरक्षणासाठी. आमच्या मध्य प्रदेशातील खेड्यांत तिला भरमार म्हणतात. जिल्हा कचेरीच्या परवाना नोंदवहीत तिच्या नोंदी मी वर्षानुवर्षे पाहिल्या. बंदूक टोपीदार, उद्देश रानडुकरांपासून पिकाचे रक्षण.